खामगावची पेठ आणि दूरचे युद्ध

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी भुसावळ मागे टाकून पूर्णेच्या खोऱ्यात शिरली, की बुलढाणा जिल्ह्यातील ओळखीची स्थानके एकामागून एक येऊ लागतात. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनासाठी आलेल्या भाविकांनी फलाट भरून जातो. त्याआधीच्या जलंबला मात्र गाडीतील बहुतेक प्रवासी खिडकीबाहेरही पाहत नाहीत. याच जलंबहून दक्षिणेकडे एक लहानसा फाटा फुटतो आणि अवघ्या तेरा-चौदा किलोमीटरवर खामगावला जाऊन संपतो. पुढे जाण्याचा विचार या रुळांनी कधी केलाच नाही. त्यांचे काम एकच होते : खामगावच्या पेठेतील कापूस मुख्य मार्गावर आणून सोडणे.

हा फाटा १८७० साली सुरू झाला आणि त्यासाठी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आले होते. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी व्हाइसरॉयने यावे, असे तिथे काय होते, हा प्रश्न आजच्या प्रवाशाला पडेल. उत्तर पेठेत आहे, आणि पेठेचे उत्तर अमेरिकेत. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेचे यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस दक्षिणेतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. मारवाड आणि गुजरातकडून आलेल्या ज्या व्यापारी घराण्यांच्या पेढ्या आज खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याला दिसतात, त्यांपैकी अनेकांचा या मुलखाशी संबंध कापसानेच जोडला किंवा घट्ट केला.

त्या चार वर्षांत मुंबईत ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते प्रेमचंद रायचंद हे सुरतेचे जैन व्यापारी. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध थांबल्याची वार्ता आली, कापूस कोसळला, बँका आणि कंपन्या बुडाल्या आणि कापसाचा हा राजाही त्या पडझडीत सापडला. त्यांच्या दानातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मुंबईत अजून उभा आहे. दृष्टी गेलेल्या त्यांच्या मातोश्रींना सूर्यास्तापूर्वीची भोजनवेळ घंटेवरून कळावी म्हणून तो बांधला, ही कथा जैन घरांत आजही सांगितली जाते. खामगावचा फाटा तयार झाला तोपर्यंत युद्ध संपून पाच वर्षे उलटली होती. सुगीचा पैसा निघून गेला होता; रूळ, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि कापसाखाली गेलेली जमीन मागे राहिली.

ज्वारीची काही जमीन कापसाकडे गेल्याचा परिणाम पुढे जाणवला. कापूस विकून धान्य विकत घेणाऱ्या मुलखाला दुष्काळात दुहेरी मार बसतो. संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा ‘छपनिया’ दुष्काळ वऱ्हाडलाही फार जड गेला. पेठेतील जुन्या माणसांच्या अंगवळणी एक गोष्ट तेव्हापासूनच पडली असावी : भाव ठरतो तो इथल्या हर्राशीत, पण त्याचे कारण बहुधा दूर कुठेतरी असते.

या नियमाचा सर्वांत विचित्र प्रत्यय जिल्ह्याला शंभर वर्षांनी आला. तो कापसातून आला नाही, रेशनच्या दुकानातून आला. त्याचा रंग लाल होता आणि नाव होते मिलो.

मिलो ही अमेरिकेतील ज्वारी. टेक्सास, कॅन्सास या भागांत ती पिकते आणि तिथे ती मुख्यतः गुराढोरांच्या पोटात जाते. वऱ्हाडी माणसाची ज्वारी पांढरीशुभ्र; तिची भाकरी चांदण्यासारखी पडते. या घरांत जेव्हा तांबूस, राठ, वेगळ्याच वासाचे धान्य आले, तेव्हा ताटावर बसलेल्या मुलांनी तोंडे वाकडी केली आणि वडीलधाऱ्यांनी ‘मिळते आहे ते खा’ म्हणून दटावले. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना मिलोची आठवण काढताच आजही हसू आणि कडवटपणा दोन्ही एकदम येतात. जैन घरांत तर आणखी एक काम वाढले. दुरून आलेले, कोठारात दिवसेंदिवस पडलेले धान्य आधी उन्हात पसरायचे, चाळायचे, निवडायचे, जीव दिसला तर तो अलगद बाजूला ठेवायचा आणि मगच दळणाला पाठवायचे. घरातील स्त्रियांच्या दुपारी या निवडण्यात गेल्या. या दुपारींचा हिशेब कोणत्याही सरकारी अहवालात नाही.

हे धान्य बुलढाण्याच्या रेशन दुकानापर्यंत कसे आले, हे समजण्यासाठी दुसऱ्या एका युद्धाची वही उघडावी लागते. ते युद्ध व्हिएतनामचे. आणि ती वही व्यापाऱ्याला इतरांपेक्षा लवकर वाचता येईल अशी आहे.

अमेरिका त्या युद्धात एका दिवशी, एका निर्णयाने उतरली नाही. प्रारंभी तिचा त्या देशाशी फारसा संबंधही नव्हता. व्हिएतनाम ही फ्रान्सची वसाहत. १९४५ साली हो चि मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्याची घोषणा केली, फ्रान्स आपला ताबा परत मिळवण्यासाठी आला आणि १९४६ च्या अखेरीस लढाई जुंपली. हो चि मिन्ह साम्यवादी होते. १९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवाद्यांची सत्ता आली आणि अमेरिकेला आशियाचा सारा नकाशा एकाच रंगात दिसू लागला. मे १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी फ्रेंचांना मदत मंजूर केली. ही पहिली उचल, आणि रक्कम मोठी नव्हती. पुढच्याच महिन्यात कोरियात युद्ध सुरू झाले, तिथे अमेरिकेचे स्वतःचे सैन्य उतरले आणि व्हिएतनामच्या खात्यावरील रक्कम वाढत गेली. १९५४ उजाडेपर्यंत फ्रेंचांच्या या लढाईचा तीन चतुर्थांशांहून अधिक खर्च अमेरिका सोसत होती. पेढी दुसऱ्याची आणि भांडवल आपले, अशी ती स्थिती होती.

कोरियाच्या त्या युद्धानेही भारताच्या धान्याला स्पर्श केला होता, हे इथे सांगायला हवे. १९५१ मध्ये भारताने अमेरिकेकडे गहू मागितला. पंडित नेहरूंनी कोरिया आणि चीनबाबत घेतलेली स्वतंत्र भूमिका अमेरिकी काँग्रेसमध्ये अनेकांना खुपत होती. चर्चेत महिने गेले. अखेर जूनमध्ये २० लाख टन गव्हासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. पुढे त्याच कोरियात, मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या युद्धकैद्यांची राखण करण्याचे नाजूक काम भारतीय दलाने केले. त्याचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात या मराठी सेनानीकडे होते.

मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंचांचा निर्णायक पराभव झाला. जिनिव्हात करार होऊन सतराव्या अक्षांशावर व्हिएतनामचे दोन भाग पडले. करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले. कॅनडा आणि पोलंड हे इतर दोन सदस्य. दोन वर्षांत निवडणुका घेऊन देश एक करावा असे ठरले होते. त्या निवडणुका झाल्याच नाहीत. दक्षिणेत न्गो दिन्ह दिएम यांच्या सरकारमागे अमेरिका उभी राहिली. फ्रेंच पेढी बंद झाली होती आणि तिचे देणे भांडवल पुरवणाऱ्याने आपल्या नावावर घेतले होते.

इथून पुढची आकडेवारी पाहावी. १९६१ च्या प्रारंभी दक्षिण व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सुमारे ९०० लष्करी सल्लागार होते. १९६३ च्या अखेरीस ते १६,००० झाले. त्या वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी दिएम यांची सत्ता उलथून त्यांना ठार करण्यात आले आणि तीनच आठवड्यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचीही हत्या झाली. सूत्रे लिंडन जॉन्सन यांच्याकडे आली. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोन हल्ले झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यांतील दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले. पण तेवढ्या वार्तेवर काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना सैन्य वापरण्याची मोकळीक दिली. कनिष्ठ सभागृहात ठरावाच्या बाजूने ४१६ मते पडली आणि विरोधात एकही नाही. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. मार्च १९६५ मध्ये ३,५०० मरीन सैनिक दानांगच्या किनाऱ्यावर उतरले, तेही तेथील विमानतळाच्या रक्षणासाठी. वर्ष संपले तेव्हा सैनिकांची संख्या १,८०,००० च्या वर गेली होती आणि १९६९ पर्यंत ती पाच लाख चाळीस हजारांच्या घरात पोहोचली.

प्रत्येक पाऊल मागच्या पावलाच्या रक्षणासाठी होते. सल्लागार गेले म्हणून विमाने, विमाने गेली म्हणून विमानतळाला पहारा, पहाऱ्यावर हल्ले झाले म्हणून पलटणी. बाजार पडत असताना सरासरी खाली आणण्यासाठी आणखी माल घेत राहणारा सटोडिया प्रत्येक पेठेने पाहिलेला असतो. त्याला मूर्ख म्हणून मोकळे होता येत नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर त्याचे गणित त्याच्यापुरते बरोबर असते.

या गणिताचा एक विलक्षण कागद उपलब्ध आहे. मार्च १९६५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यातील अधिकारी जॉन मॅकनॉटन यांनी आपल्या मंत्र्यांसाठी एक टिपण केले. १९७१ मध्ये ‘पेंटॅगॉन पेपर्स’ उघड झाले तेव्हा ते जगाला वाचायला मिळाले. आपण व्हिएतनाममध्ये कशासाठी आहोत, याची त्यांनी टक्केवारीच मांडली होती. सत्तर टक्के कारण : मानहानीकारक पराभव टाळणे, म्हणजेच जामीनदार म्हणून असलेली आपली पत राखणे. वीस टक्के : तो प्रदेश चीनच्या हाती जाऊ न देणे. आणि उरलेले दहा टक्के : तेथील लोकांना अधिक चांगले, मुक्त जीवन लाभावे. ‘जामीनदार’ हा शब्द परराष्ट्रनीतीच्या अभ्यासकाला रूपक वाटेल. ज्याने कोणासाठी सही केली आहे आणि मूळ कर्जदार बुडताना पाहिला आहे, त्याला त्यात रूपक दिसणार नाही. साम्यवाद थोपवणे हे पाटीवर लिहिलेले कारण होते. वहीच्या आतल्या पानावर पत होती.

याच जॉन्सन यांच्या हाती त्या वर्षांत भारताच्या धान्याची किल्ली होती. अमेरिकेच्या १९५४ च्या ‘पब्लिक लॉ ४८०’ या कायद्यानुसार तेथील शिलकी धान्य भारताला रुपयांत मिळू शकत होते. डॉलर लागत नव्हते, हा मोठा दिलासा होता. १९५६ मध्ये पहिला करार झाला. मे १९६० मध्ये केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याबरोबर त्याहून पुष्कळ मोठा करार केला : चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणवल्या जाणाऱ्या पाटलांना त्या यशाचा अभिमान वाटला, आणि त्या वेळी तो गैरही नव्हता. मात्र स्वस्त परदेशी गव्हाने देशी शेतकऱ्याचा भाव दाबून ठेवला, हा आक्षेपही खरा आहे.

१९६५ च्या मध्यास कराराची मुदत संपली आणि नेमका त्याच वर्षी पाऊस रुसला. देशातील धान्याचे उत्पादन ८ कोटी ९० लाख टनांवरून ७ कोटी २० लाख टनांवर आले. पुढच्या वर्षीही अवर्षण. जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा नवा करार नाकारला आणि थोड्या थोड्या महिन्यांपुरतेच धान्य सोडण्याचे धोरण धरले. दावणीला बांधलेल्या जनावराची दोरी आखूड करावी तसा तो प्रकार होता. त्यामागे एकच हेतू होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारताने शेतीत अधिक पैसा घालावा आणि इतर श्रीमंत देशांनीही मदतीचा वाटा उचलावा, असे त्यांना मनापासून वाटत होते. पण व्हिएतनामवरील बॉम्बवर्षावाला भारताचा विरोध आहे, याचा रागही त्यात होता. शास्त्रीजींनी हा विरोध बोलून दाखवला होता. एप्रिल १९६५ मध्ये त्यांचा ठरलेला अमेरिका दौरा जॉन्सन यांनी पुढे ढकलला आणि तो पुन्हा झालाच नाही. जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत बॉम्बवर्षाव थांबवण्याच्या मागणीवर सही केली, तेव्हा वॉशिंग्टनचा पारा आणखी चढला. भारतात कुठे किती पाऊस झाला याच्या नोंदी जॉन्सन स्वतः पाहत असत. दिल्लीतील त्यांचे राजदूत चेस्टर बोल्स मात्र हा विलंब चुकीचा आहे असे कळवत राहिले.

धान्य शेवटी आले, हे नमूद केले पाहिजे. १९६६ मध्ये भारतात सुमारे १ कोटी टन धान्य आयात झाले आणि अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा जवळपास पाचवा हिस्सा इकडे वळला. मोठा दुष्काळबळी टळला. पण जहाज बंदरात लागावे आणि त्यातील धान्य थेट ताटात जावे, अशी देशाची अवस्था होती. एका जहाजाला आठवडाभर उशीर झाला तरी रेशनचे प्रमाण कापावे लागे. सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडा, हे शास्त्रीजींचे आवाहन याच काळातले. एकासना करणाऱ्या घरांना ते नवे नव्हते, पण बाजारातील खाणावळी सोमवारी संध्याकाळी बंद ठेवल्या जात, हे दृश्य नवे होते.

पेठेत बसलेल्या धान्य व्यापाऱ्याची स्थिती त्या वर्षांत चमत्कारिक झाली. जिल्ह्याची उत्तर सीमा मध्य प्रदेशाला भिडलेली. पण राज्याबाहेर धान्य नेण्या-आणण्यावर निर्बंध. सरकारी खरेदी, परवाने, साठ्याच्या मर्यादा. ‘साठेबाज’ हा शब्द वर्तमानपत्रांतून रोज येई आणि तो प्रामाणिक दुकानदाराच्या दारावरही सावलीसारखा पडे. काहींनी साठे केले हे खरेच. पण टंचाईची सारी चावी गल्लीतल्या दुकानात होती असे मानणे सोयीचे होते. ती चावी किती दूर होती, हे ग्राहकाला कोण समजावून सांगणार?

खामगावहून चिखली-मेहकरच्या दिशेने निघाले की रस्ता चढू लागतो. ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’ अशी या जिल्ह्याची दोन अंगे इथला प्रत्येक माणूस बोलण्यात वापरतो. खाली पूर्णेचे सपाट, काही ठिकाणी खारे पाणी लागणारे खोरे. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार, पैनगंगेचा उगम, हलकी-मध्यम जमीन. साठीच्या दशकात या पठारावर एक बदल सुरू झाला. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. पुसदचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फासावर द्या, असे त्यांनी जाहीर सभेत म्हटल्याचे सांगितले जाते. संकरित ज्वारी ‘हायब्रीड’ या नावाने घरोघरी आली. तिच्या भाकरीला गावरान ज्वारीची चव नव्हती, जुन्या मंडळींनी तिलाही नावे ठेवली. पण मिलोच्या तुलनेत ती आपल्या शेतातली होती. मिलो १९७२ च्या दुष्काळात पुन्हा एकदा रेशनवर आला आणि मग हळूहळू केवळ बोलण्यात उरला.

चिखलीच्या पुढे रस्त्याच्या कडेने पांढऱ्या फुलांचे गाजर गवत दिसते. हे गवत अमेरिकेच्या ‘पीएल ४८०’ गव्हातून आले, ही समजूत गावोगाव पक्की आहे. ते पुण्यात १९५५ मध्येच आढळल्याची नोंद आहे, म्हणजे त्या कायद्याखालचा पहिला करार होण्याच्या आधी. १९५१ च्या कर्जाच्या गव्हातून आले असेल, तर तो दोष कोरियाच्या खात्यावर मांडावा लागेल.

मेहकरच्या पुढे लोणार येते. उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्टच्या खडकात आहे, आणि चंद्रावरची विवरेही तशाच खडकांत असल्यामुळे अमेरिकी शास्त्रज्ञांना त्याचे मोठे आकर्षण होते. भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून केलेला त्याचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ पाहिला तर नवल वाटते. १९७१ च्या डिसेंबरमध्ये बांगलादेशचे युद्ध चालू असताना व्हिएतनामच्या समुद्रात तैनात असलेली ‘एंटरप्राइज’ ही अमेरिकी युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे वळवण्यात आली होती. दोन्ही सरकारांतील संबंध इतके विटलेले असतानाही लोणारच्या काठावरचे दगड दोन्ही देशांचे लोक एकत्र तपासत होते.

धान्याचे खाते त्यानंतर लवकरच मिटले. रुपयांत मिळालेल्या धान्याची रक्कम भारतातच अमेरिकेच्या नावावर साचत गेली होती आणि ती इतकी वाढली की तिचे काय करावे हा दोन्ही बाजूंना प्रश्न होता. अखेर तिचा मोठा भाग अमेरिकेने सोडून दिला. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी दिल्लीत राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी भारत सरकारच्या हाती १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश ठेवला. तोवरचा तो जगातील सर्वांत मोठा धनादेश मानला गेला. व्हिएतनामचे खाते मात्र असे मिटले नाही. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले, तोपर्यंत ५८,००० अमेरिकी सैनिक आणि कित्येक लाख व्हिएतनामी माणसे मरण पावली होती. ज्या पतीसाठी ही रक्कम भरली गेली, ती त्या दिवशी वकिलातीच्या आवारातून आणि आसपासच्या छपरांवरून हेलिकॉप्टरने उचलून न्यावी लागली.

खामगावला आता सोयाबीनचे ढीग लागतात, चांदीच्या दुकानांमुळे गावाला रजतनगरी म्हणतात, आणि कापूस अजूनही येतो. बाजार समितीच्या आवारात सकाळी हर्रास सुरू होण्यापूर्वी अडते मोबाइलवर भाव पाहत असतात. त्यांत शिकागोचा सोयाबीनचा भावही असतो.